ब्रिटनचे लोहमार्ग आणि त्यांचे हौशी नकाशेकार

नकाशा म्हटला कीं सरकार डोळ्यांपुढें उभें राहतें. जमीन मोजणें, सीमा ठरविणें, सारा आकारणें, सैन्य हलविणें हीं राजसत्तेचीं कामें. आणि नकाशा हें त्या कामांचें साधन. आपल्याकडील सर्व्हे ऑफ इंडिया हें खातें इ. स. १७६७ मध्यें स्थापन झालें, तें ईस्ट इंडिया कंपनीच्या गरजेंतून. ब्रिटनमधील ऑर्डनन्स सर्व्हे या खात्याच्या तर नांवांतच दारूगोळ्याचा आणि तोफांचा वास आहे. अशा स्थितींत एखाद्या देशांतील सगळ्या लोहमार्गांचा नकाशा खाजगी माणसांनीं, कोणी सांगितलें नसतां, आणि पुष्कळांनीं तर एका पैचीहि अपेक्षा न धरतां सिद्ध केला, असें कोणी म्हटलें तर तें सहसा खरें वाटत नाहीं. परंतु ज्या देशांत आगगाडी जन्मास आली त्या ब्रिटनमध्यें नेमकें हेंच घडलें आहे. प्रथम एक नक्षीगार, मग दोन कारकून, मग एक निवृत्त कर्नल आणि अखेरीस हजारों अनाम प्रवासी अशी ही परंपरा आहे. तिची हकीकत आज सांगावयाची आहे. ती नुसती मनोरंजक आहे म्हणून नव्हे. आपल्या देशाविषयींचें ज्ञान कोणीं गोळा करावें आणि तें कोणाच्या मालकीचें असावें, हा प्रश्न तींत आहे, म्हणून.

पहिली गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे ती ही कीं, ब्रिटनमधील लोहमार्ग सरकारनें बांधले नाहींत. स्टॉक्टन आणि डार्लिंग्टन यांच्यामधील मार्ग १८२५ सालीं उघडला, लिव्हरपूल आणि मँचेस्टर यांना जोडणारा मार्ग १८३० सालीं. हे दोन्ही भागीदारांच्या कंपन्यांनीं बांधले. कंपनीनें पार्लमेंटकडे जावें, आपल्या नियोजित मार्गाचा आराखडा सादर करावा आणि स्वतंत्र कायदा मंजूर करून घेऊन कामास लागावें, अशी पद्धत होती. पुढें लोकांना आगगाडीच्या भागांचें वेड लागलें. एकट्या १८४६ सालीं पार्लमेंटनें लोहमार्गांचे अडीचशेंहून अधिक कायदे मंजूर केले. त्यांतील कित्येक मार्ग बांधले गेले, कित्येक कागदावरच राहिले, आणि कित्येक कंपन्या एकमेकींत विलीन झाल्या. प्रत्येक कंपनीस आपला मार्ग पक्का ठाऊक होता. पण देशाचा मार्ग कोणालाच ठाऊक नव्हता. तुकड्यातुकड्यांचे शेंकडों आराखडे पार्लमेंटच्या दप्तरांत पडून होते, आणि सर्वांचा मिळून एक नकाशा मात्र कोठेंच नव्हता.

ही उणीव प्रथम जाणली ती मँचेस्टरच्या जॉर्ज ब्रॅडशॉ यानें. १८०१ सालीं जन्मलेला हा गृहस्थ धंद्यानें नक्षीगार, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर नकाशे कोरणारा होता. कालव्यांचे नकाशे कोरून त्यानें नांव मिळविलें होतें. कालव्यांमागोमाग लोहमार्ग आले तेव्हां तो तिकडे वळला. १८३९ च्या ऑक्टोबरांत त्यानें निरनिराळ्या कंपन्यांचीं वेळापत्रकें एकत्र करून एक लहानशी पुस्तिका काढली. पुढें तिचें जाडजूड मासिक झालें आणि तें १९६१ पर्यंत चाललें. याच ब्रॅडशॉनें लोहमार्गांचे नकाशेहि छापले. तो क्वेकर पंथाचा होता. महिन्यांचीं रूढ नांवें रोमन देवतांवरून पडलेलीं असल्यामुळें तीं उच्चारणें त्या पंथास मान्य नसे, म्हणून पहिल्या पुस्तिकेवर ऑक्टोबर न लिहितां ‘दहावा महिना’ असें छापलेलें आहे. १८५३ सालीं नॉर्वेंत पटकीच्या विकारानें तो वारला. त्याच वर्षीं १६ एप्रिलला आपल्या बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी सुटली होती. त्याच्या मरणानंतर त्याचें नांव वेळापत्रकास इतकें चिकटलें कीं हिंदुस्थानांत कलकत्त्याच्या न्यूमन कंपनीनें काढलेल्या वेळापत्रकासहि ‘इंडियन ब्रॅडशॉ’ म्हणत असत.

ब्रॅडशॉचा नकाशा प्रवाशाच्या सोयीचा होता. अधिक बारकाव्याचा नकाशा जन्मास आला तो हिशेबाच्या गरजेंतून, आणि ती कथा मोठी बोधप्रद आहे. एखादा प्रवासी लंडनहून स्कॉटलंडास निघाला तर त्याची गाडी तीन-चार कंपन्यांच्या रुळांवरून जावयाची. भाडें मात्र पहिल्या स्टेशनावर पहिलीच कंपनी घ्यावयाची. मग त्या भाड्याची वांटणी कशी करावी? यासाठीं १८४२ च्या जानेवारींत लंडनमध्यें ‘रेल्वे क्लिअरिंग हाउस’ नांवाची एक मध्यवर्ती पेढी स्थापन झाली. प्रत्येक कंपनीच्या रुळांवर जितके मैल प्रवास झाला तितका तिचा वांटा, असा साधारण नियम ठरला. मालाच्या डब्यांचाहि असाच हिशेब असे. जेथें दोन कंपन्यांचे रूळ मिळत अशा जंक्शनांवर या पेढीचे नोकर उन्हापावसांत उभे राहून जाणाऱ्या-येणाऱ्या डब्यांचे क्रमांक टिपीत असत. आतां वांटणी मैलांवर अवलंबून असेल, तर कोणाचा रूळ नेमका कोठें संपतो आणि दुसऱ्याचा कोठें सुरू होतो, हें वादातीत ठरलें पाहिजे. येथें पावलापावलावर पैसा होता.

या पेढींत नोकरीस असलेल्या झकारी मॅकॉले व जॉन एअरी या दोघां कारकुनांनीं हें काम अंगावर घेतलें, तें पेढीच्या हुकुमावरून नव्हे, तर खाजगी उद्योग म्हणून. मॅकॉलेचे नकाशे १८५१ पासून निघूं लागले. एअरीनें १८६७ च्या सुमारास जंक्शनांच्या आकृत्या काढावयास आरंभ केला. त्या आकृत्यांत प्रत्येक कंपनीस एकेक रंग दिलेला असे, आणि एका फांट्यापासून दुसऱ्या फांट्यापर्यंतचें अंतर मैल व साखळ्या यांत लिहिलेलें असे. एक साखळी म्हणजे बावीस यार्ड, आणि अशा ऐंशी साखळ्यांचा एक मैल. हें कोष्टक आपल्या वडिलांच्या पिढीनें शाळेंत पाठ केलेलें आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पेढीनें एअरीचा हा धंदा विकत घेतला आणि मग ते नकाशे अधिकृत झाले. परंतु अधिकृतपणाचा हा शिक्का मागाहून बसला, मूळ श्रम एका कारकुनाचे होते, हें विसरतां येत नाहीं.

मी अनेक वर्षें शाळेंत भूगोल शिकविला. हिंदुस्थानच्या नकाशांत मुलें काळ्या आडव्या रेघांनीं लोहमार्ग दाखवीत. एखादा चौकस मुलगा विचारी, ‘गुरुजी, हा मार्ग केव्हां झाला?’ तेव्हां नकाशा मुका असे. नकाशा जागा दाखवितो, काळ दाखवीत नाहीं. आज जें आहे तें तो सांगतो; काल काय होतें आणि तें कधीं गेलें याविषयीं त्याची जीभ उचलत नाहीं. लोहमार्ग वाढत होते तोंवर ही उणीव कोणास जाणवली नाहीं. ते नाहींसे होऊं लागले तेव्हां ती एकाएकीं जाणवली.

पहिल्या महायुद्धाच्या आरंभीं ब्रिटनमध्यें वीस हजार मैलांहून अधिक लोहमार्ग होते. पुढें मोटारी वाढल्या, मालवाहतूक रस्त्यांवर गेली आणि आडवाटेचे फांटे तोट्यांत चालूं लागले. १ जानेवारी १९४८ रोजीं सर्व लोहमार्ग राष्ट्राच्या मालकीचे झाले, तरी तोटा थांबला नाहीं. मार्च १९६३ मध्यें डॉ. रिचर्ड बीचिंग यांचा सुप्रसिद्ध अहवाल प्रसिद्ध झाला. त्यांत सुमारें पांच हजार मैलांचे मार्ग आणि दोन हजार तीनशेंहून अधिक स्टेशनें बंद करावीं अशी शिफारस होती. तिची सर्वच अंमलबजावणी झाली नाहीं, पण पुष्कळशी झाली. आज तेथील मार्गांची लांबी सुमारें दहा हजार मैलांवर आली आहे, म्हणजे जवळजवळ निम्मी. रूळ उपटून मोडींत विकले गेले. स्टेशनांचीं घरें झालीं. बांधांवर झुडपें माजलीं. शेताच्या मधोमध एखादी दगडी कमान उभी आहे आणि तिच्यावरून कांहींच जात नाहीं, असें दृश्य इंग्लंडच्या खेड्यांतून आजहि दिसतें. कित्येक गांवांत ‘स्टेशन रोड’ नांवाचा रस्ता आहे आणि स्टेशन मात्र नाहीं.

ज्या गोष्टीनें शंभर वर्षें देशाची वस्ती, बाजार आणि कारखाने यांची घडी बसविली, तीच गोष्ट लोकांच्या डोळ्यांदेखत पुसली जात होती. सरकारी खात्याचें काम चालू मार्गांशीं. मेलेल्या मार्गांची वंशावळ ठेवणें हें त्याचें काम नव्हतें. तें काम हौशी अभ्यासकांनीं उचललें. १९५४ मध्यें ‘रेल्वे अँड कॅनल हिस्टॉरिकल सोसायटी’ या नांवाचें मंडळ स्थापन झालें. पूर्वीं रेल्वेच्या नोकरींत असलेल्या चार्ल्स क्लिंकर यांनीं बंद पडलेल्या स्टेशनांची आणि मालधक्क्यांची तारीखवार नोंदवही तयार केली. मायकेल क्विक या अभ्यासकानें प्रवासी स्टेशनांच्या उघडण्या-मिटण्याची बृहत्सूचि रचली. या माणसांनीं जुनीं वेळापत्रकें, स्थानिक वर्तमानपत्रें, कंपन्यांच्या सभांचीं इतिवृत्तें आणि सरकारी तपासनिसांचे अहवाल अक्षरशः ओळ न् ओळ चाळले.

या श्रमांत अडचण काय असते तें एका उदाहरणानें सांगतों. अमुक मार्ग ‘सुरू’ केव्हां झाला, हा प्रश्न दिसावयास सोपा आहे. परंतु पार्लमेंटचा कायदा एका वर्षीं, रूळ पुरे झाले दुसऱ्या वर्षीं, मालगाडी धावली तिसऱ्या दिवशीं, सरकारी तपासनिसानें मंजुरी दिली चौथ्या दिवशीं, पाहुण्यांची समारंभाची गाडी पांचव्या दिवशीं आणि तिकीट काढून सामान्य उतारू बसला तो सहाव्या दिवशीं. यांतील कोणता दिवस धरावा? बंद होण्याच्या तारखेंतहि असाच घोळ आहे. सरकारी कागदांत मार्ग सोमवारपासून बंद झाला असें लिहिलेलें असतें. पण त्या मार्गावर रविवारीं गाडी नसेल, तर शेवटची गाडी गेली ती शनिवारीं. सोमवार हा कचेरीचा दिवस आणि शनिवार हा लोकांचा. स्टेशनावर जमून ज्यांनीं शेवटच्या गाडीस निरोप दिला, त्यांच्या आठवणींत शनिवारच राहिला. दोन्ही तारखा खऱ्या आहेत, पण त्यांचा अर्थ निराळा आहे. आणि जो कोणी सूचि करतो त्यानें आपण कोणता अर्थ घेतला तें आरंभींच सांगितलें पाहिजे. इतिहासाच्या शिस्तीचा हा पहिला धडा आहे, आणि तो या हौशी लोकांनीं विद्यापीठाबाहेर राहून गिरविला.

या सगळ्या श्रमांना नकाशाचें रूप दिलें तें कर्नल मायकेल कॉब यांनीं. त्यांचा जन्म १९१६ सालचा. केंब्रिजच्या मॉडलिन महाविद्यालयांत शिकून ते रॉयल एंजिनियर्स या पलटणींत अधिकारी झाले. भूमापन त्यांच्या हाडींमाशीं खिळलें होतें. सैन्यांतून निवृत्त झाल्यावर त्यांनीं एक संकल्प केला: ग्रेट ब्रिटनमध्यें उतारूंसाठीं जो जो लोहमार्ग झाला, मग तो आज असो वा नसो, तो प्रत्येक मार्ग आणि त्यावरील प्रत्येक स्टेशन इंचास मैल या प्रमाणाच्या नकाशावर त्याच्या खऱ्या जागीं दाखवावयाचें, आणि उघडण्या-मिटण्याचीं सालें सांगावयाचीं. ऑर्डनन्स सर्व्हेचे नकाशे त्यांनीं पायाभूत धरले आणि त्यांवर वर्षानुवर्षें आपल्या हातानें रेघा भरल्या. सन १८०७ मध्यें वेल्समध्यें स्वान्सीजवळ घोड्यांनीं ओढलेल्या गाडींतून भाडें देणारे उतारू रुळांवरून जाऊं लागले, तेथून आरंभ करून १९९४ पर्यंतचा काळ त्यांनीं घेतला. दोन मोठ्या खंडांचा हा ग्रंथ २००३ सालीं प्रसिद्ध झाला, तेव्हां कर्नलसाहेब सत्त्याऐंशी वर्षांच्या घरांत होते. २००८ मध्यें या कार्याबद्दल केंब्रिज विद्यापीठानें त्यांना डॉक्टरेट दिली. त्या वेळीं त्यांचें वय एक्याण्णव होतें. २०१० मध्यें ते वारले.

पदवीपेक्षां अधिक महत्त्वाची गोष्ट पुढेंच आहे. ग्रंथ बाहेर पडतांच वाचकांनीं त्यांत चुका काढावयास प्रारंभ केला. कोणी लिहिलें कीं अमक्या गांवचें स्टेशन रस्त्याच्या पलीकडे होतें; कोणी लिहिलें कीं तमक्या फांट्याचें साल एकानें चुकलें आहे. एरवी ग्रंथकार अशा पत्रांनीं रुष्ट होतात. येथें मात्र दुरुस्त्या जमा करण्यांत आल्या, २००६ मध्यें दुसरी आवृत्ति निघाली, आणि वर सांगितलेल्या मंडळानेंहि दुरुस्त्यांची यादी पुढें चालू ठेवली. पुढें केंब्रिजच्या लोकसंख्येच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांनीं हा नकाशा संगणकांत उतरविला. कोणत्या सालीं कोणतें गांव आगगाडीपासून किती दूर होतें हें आतां मोजतां येऊं लागलें, आणि आगगाडीमुळें खेड्यांची वस्ती वाढली कीं घटली, हा वाद केवळ तर्कावर न राहतां आंकड्यांवर आला. एका पेन्शनराच्या हौशीमुळें विद्वानांना नवें साधन मिळालें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

कॉब यांचा ग्रंथ सिद्ध होत असतांच नकाशे काढण्याची रीतच पालटली. मे २००० मध्यें अमेरिकन सरकारनें आपल्या उपग्रहांच्या संकेतांतील मुद्दाम ठेवलेला दोष काढून टाकला. तोंपर्यंत सामान्य माणसाचें जी. पी. एस. यंत्र शंभर मीटरपर्यंत चूक करी. आतां तें दहा-वीस मीटरांच्या आंत जागा सांगूं लागलें. म्हणजे भूमापकाचें एक हत्यार रस्त्यावरील माणसाच्या खिशांत आलें. दुसरीकडे ब्रिटनमध्यें सरकारी नकाशांवर सरकारचा हक्क होता. त्यांतील माहिती वापरावयाची तर परवाना आणि शुल्क लागे. जनतेच्या पैशांनीं केलेला नकाशा जनतेलाच मोकळेपणीं वापरतां येऊं नये, ही गोष्ट पुष्कळांना खटकत होती. २००४ च्या ऑगस्टमध्यें स्टीव्ह कोस्ट या लंडनमधील तरुणानें ‘ओपनस्ट्रीटमॅप’ या उपक्रमाचा पाया घातला. कल्पना साधी होती: प्रत्येकानें आपला परिसर फिरून मोजावा, तो एका सामाईक नकाशांत भरावा, आणि तो नकाशा श्रेय देऊन कोणासहि फुकट वापरतां यावा.

रस्त्यांवरून पायीं किंवा सायकलवर जातां येतें. रुळांवरून चालणें हा मात्र गुन्हा आहे. तेव्हां लोहमार्गांसाठीं स्वयंसेवकांनीं गाडीची खिडकीच गांठली. यंत्र कांचेशीं धरून बसावयाचें. सेकंदागणिक एकेक बिंदु नोंदला जातो, आणि घरीं येऊन त्या बिंदूंवरून रेघ ओढावयाची. बोगदा आला कीं संकेत तुटतो, खोल खिंडींत बिंदु इकडेतिकडे उड्या मारतात, आणि जाण्याचा रूळ व येण्याचा रूळ यांतील चार-दोन मीटरांचें अंतर यंत्रास कळत नाहीं. म्हणून तोच प्रवास पुन्हां करावयाचा, दुसऱ्यानें तिसऱ्याच्या रेघेशीं आपली रेघ ताडून पाहावयाची. मेलेल्या मार्गांसाठीं आणखी एक युक्ति सांपडली. ब्रिटनमध्यें सरकारी नकाशावरील हक्क पन्नास वर्षांनीं संपतो. १९४५ ते १९४७ च्या सुमारास निघालेले ऑर्डनन्स सर्व्हेचे इंची नकाशे असे मुक्त झालेले होते, आणि ते बीचिंगच्या कुऱ्हाडीपूर्वींचे होते. स्वयंसेवकांनीं त्यांच्या प्रतिमा घेतल्या, त्या खऱ्या भूमीशीं जुळविल्या आणि त्यांवरून नाहींशा झालेल्या फांट्यांच्या रेघा गिरवून काढल्या. पुढें विमानांतून व उपग्रहांतून घेतलेलीं छायाचित्रें मिळूं लागलीं, तेव्हां झुडपांतून वळत गेलेली बांधाची सावलीहि मार्ग सांगूं लागली. एप्रिल २०१० मध्यें खुद्द ऑर्डनन्स सर्व्हेनें आपले कित्येक नकाशे सर्वांना मोफत खुले केले. या स्वयंसेवकांच्या आग्रहाचा त्यांत वांटा नव्हता असें म्हणवत नाहीं.

आज या सामाईक नकाशांत लोहमार्गाची रेघ ही नुसती रेघ राहिलेली नाहीं. रुळांमधील अंतर किती, मार्ग एकेरी कीं दुहेरी, विजेचा प्रवाह वरच्या तारेनें पंचवीस हजार व्होल्टांचा येतो कीं दक्षिण इंग्लंडांतल्याप्रमाणें तिसऱ्या रुळानें साडेसातशें व्होल्टांचा, वेगाची मर्यादा काय, सिग्नल कोठें, हें सर्व तींत नोंदलेलें सांपडतें. जर्मनींतील स्वयंसेवकांनीं २०११ च्या सुमारास या माहितींतून केवळ लोहमार्गांचा स्वतंत्र नकाशा काढण्यास आरंभ केला. तो आतां सर्व जगाचा झाला आहे.

येथें दोन शंका उद्भवतात, आणि त्यांचा विचार केल्यावांचून पुढें जाणें योग्य होणार नाहीं. पहिली शंका विश्वासाची. कोणीहि यावें आणि नकाशांत भर घालावी, तर त्यावर विसंबावें कसें? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांतील प्राध्यापक मुकी हॅकले यांनीं स्वयंसेवकांचा इंग्लंडचा नकाशा सरकारी नकाशाशीं ताडून पाहिला आणि आपला निष्कर्ष २०१० मध्यें प्रसिद्ध केला. जेथें नकाशा काढला होता तेथें तो सरकारी नकाशापासून सरासरीनें सहा मीटरच ढळला होता. मात्र तोंवर इंग्लंडच्या सुमारें एकोणतीस टक्के भागाचाच नकाशा झाला होता, आणि गरिबांच्या वस्त्या अधिक अपुऱ्या राहिल्या होत्या. हा दोष लहान नव्हे. हौशी मनुष्य आपल्या आवडीच्या जागीं जातो. नावडतीकडे पाठ फिरवितो. आगगाडीचे भक्त पुष्कळ, म्हणून लोहमार्ग लवकर पुरे झाले; गलिच्छ गल्लीचा भक्त कोण असणार? सरकारी मोजणीदार पगारी असतो, म्हणून त्याला दोन्हीकडे जावें लागतें. यास्तव हौशी नकाशा हा सरकारी नकाशाचा वैरी नाहीं; परंतु तो त्याची जागाहि घेऊं शकत नाहीं. दोघांनीं एकमेकांच्या चुका दाखवाव्या, यांतच लोकांचें हित आहे.

दुसरी शंका स्वयंसेवकांमध्येंच निघाली, आणि तींत मोठा कडाक्याचा वाद झाला. जो मार्ग आतां समूळ गेला, ज्याच्यावर नांगर फिरला किंवा घरें उठलीं, तो नकाशांत दाखवावा कीं नाहीं? एक पक्ष म्हणतो, नकाशा म्हणजे जमिनीवर जें डोळ्यांनीं दिसतें तें; जें दुसऱ्यास जाऊन पडताळतां येत नाहीं तें नकाशांत ठेवलें तर नकाशावरचा विश्वासच उडेल. दुसरा पक्ष म्हणतो, या गांवाचा रस्ता असा वांकडा कां गेला, ही घरांची रांग अशी कमानीसारखी कां, हें त्या गेलेल्या रुळांवांचून कळणार नाहीं. रेघ पुसणें म्हणजे कारण पुसणें. दोघांचेंहि म्हणणें आपापल्या ठिकाणीं खरें आहे. शेवटीं तोड अशी निघाली कीं जेथें बांध, खिंड, पूल यांपैकीं कांहीं खूण शिल्लक आहे तेथें रेघ राहावी, आणि जें पूर्ण लोपलें त्यासाठीं निराळा ऐतिहासिक नकाशा असावा. अशा ऐतिहासिक नकाशाचें काम आज स्वतंत्रपणें चाललें आहे.

आतां आपल्या देशाकडे वळूं. भारताच्या लोहमार्गांची लांबी आज ६८ हजार किलोमीटरांहून अधिक आहे. ब्रिटनच्या चौपटीहूनहि ती मोठी. येथेंहि हौशी अभ्यासकांची परंपरा आहे. ‘इंडियन रेल्वेज फॅन क्लब’ हें मंडळ १९८९ पासून माहिती जमवीत आलें आहे. समित रायचौधुरी यांनीं सिद्ध केलेला ‘ग्रेट इंडियन रेल्वे अ‍ॅटलास’ २००५ मध्यें प्रथम निघाला आणि त्याच्या पुढील आवृत्त्याहि झाल्या. कोणत्याहि खात्याच्या आज्ञेवांचून झालेलें हें काम आहे. आपल्याकडे नकाशांवर संरक्षणाच्या दृष्टीनें दीर्घकाळ कडक निर्बंध होते. १५ फेब्रुवारी २०२१ रोजीं केंद्र सरकारनें नवे नियम जाहीर करून ते बरेच सैल केले. तेव्हां मार्ग पूर्वींपेक्षां मोकळा आहे.

आणि काम तर तातडीचें आहे. १९९२ पासून देशभर अरुंद व मीटर मापाचे मार्ग रुंद करण्याचें धोरण चाललें आहे. त्याचा लाभ उघड आहे. पण त्यांत जुने मार्ग पुसले जातात, हेंहि तितकेंच उघड आहे. बार्शी लाइटचें उदाहरण घ्या. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या एंजिनियरानें अडीच फुटांच्या मापाचा हा मार्ग १८९७ मध्यें सुरू केला. जगभरच्या हलक्या लोहमार्गांना त्यानें कित्ता घालून दिला. पंढरीच्या लाखों वारकऱ्यांना या गाडीनें नेलें-आणलें. या शतकाच्या आरंभींच्या दहा-बारा वर्षांत ती रुंद मार्गांत विलीन झाली. वऱ्हाडांतील यवतमाळ, मूर्तिजापूर आणि अचलपूर यांना जोडणारी सुमारें १९० किलोमीटरांची ‘शकुंतला’ अलीकडच्या वर्षांत थांबली. बोरघाटाचा मार्ग १८६३ मध्यें खुला झाला, तेव्हां खंडाळ्याच्या खालीं गाडीला एंजिन उलट लावून चढावें लागे. तें उलटें स्टेशन १९२९ मध्यें सोडून दिलें गेलें. पुण्यास जाणारे हजारों लोक त्याच्याजवळून जातात, आणि ज्यांना तें ठाऊक आहे असे थोडे.

जुने रूळ गेल्याचें दुःख करीत बसण्यांत अर्थ नाहीं. गाडी हें लोकांच्या सोयीचें साधन आहे, देवघरांतील मूर्ति नव्हे. परंतु ती कोठून जात होती, केव्हां सुरू झाली आणि शेवटची गाडी कोणत्या दिवशीं गेली, एवढें तरी लिहून राहिलें पाहिजे. आज बार्शी लाइटवर काम केलेले गार्ड, ड्रायव्हर, स्टेशनमास्तर हयात आहेत, पण ते सर्व उतारवयाचे आहेत. त्यांच्या घरीं जुन्या कामकाजी वेळापत्रकांच्या प्रति, नेमणुकीचे हुकूम, स्टेशनाच्या पाटीपाशीं उभे राहून काढलेलीं छायाचित्रें असतील. पुढच्या पिढीनें घर आवरतांना तीं रद्दींत घातलीं कीं संपलें. ज्यांच्या कुटुंबांत कोणी रेल्वेंत नोकरीस होतें त्यांनीं हे कागद जपावे, त्यांवर नांव, गांव आणि तारीख घालावी. शाळांतील भूगोलाच्या शिक्षकांना माझें सांगणें असें कीं, आपल्या तालुक्यांतून गेलेला एखादा जुना मार्ग निवडावा, मुलांना बांधावरून चालवावें, उरलेल्या मोऱ्या आणि पूल मोजावे, म्हाताऱ्या माणसांना विचारावें आणि जें सांपडेल तें सामाईक नकाशांत भरावें. एका शाळेनें पांच मैल केले तरी पुरे आहेत. विलायतेंतील तें अफाट काम अशाच पांच-पांच मैलांनीं झालें आहे.